ताटात ‘जीएम’ किती? राजूर परिसरातील ग्राहकाला माहीत असाव्यात अशा गोष्टी

राजूर (ता. भोकरदन) : बाजारात वांगं जरा जास्त चकचकीत दिसलं, टोमॅटो आठ दिवस टिकला, पपई सगळी एकसारखी निघाली की लगेच कुणीतरी म्हणतं, "हे बीटीचं आहे, याला चव नाही." राजूर, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर या पट्ट्यात बीटी हा शब्द कापसामुळं घराघरात गेला आहे. पण आता तो कोणत्याही मालाला चिकटवला जातो. त्यातून होतं असं की, ज्या भाजीत जीएम नाही तिची भीती वाटते आणि ज्या वाटेनं जीएम खरोखर घरात येतं तिकडं कुणाचं लक्ष नसतं.

ती वाट भाजीच्या टोपलीतून येत नाही. ती तेलाच्या डब्यातून आणि गोठ्यातल्या ढेपेतून येते. जीएम म्हणजे काय, बाजारातल्या कोणत्या मालात ते आहे, कायदा काय सांगतो आणि ग्राहकानं काय करायचं, याची ही सोपी माहिती.

आधी थोडक्यात

- भारतात शेतकऱ्याला लागवडीसाठी मिळणारं जीएम पीक एकच : बीटी कापूस. 2002 पासून.
- भारतात पिकणारी कोणतीही भाजी, फळ, धान्य किंवा डाळ जीएम म्हणून विकायला परवानगी नाही.
- बीटी कापसाच्या सरकीचं तेल माणसं खातात, ढेप जनावरं खातात.
- परदेशातून येणारं सोयाबीन तेल मुख्यतः जीएम सोयाबीनचं असतं.
- हे पाकिटावर लिहिलेलं असणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पण तसं लिहिलेलं पाकीट सहसा दिसत नाही.

जीएम म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक झाडाच्या, प्राण्याच्या पेशीत जनुकं असतात. रंग कसा, उंची किती, रोग सहन होतो की नाही, हे त्यावर ठरतं. एका जिवाचं जनुक प्रयोगशाळेत काढून दुसऱ्याच जिवात बसवलं की तयार होतं ते जनुकीय बदल केलेलं, म्हणजे जीएम वाण.

बीटी कापसाचंच उदाहरण घ्या. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू सापडतो. त्याच्या नावातली दोन अक्षरं म्हणजे बीटी. हा जिवाणू एक प्रथिन तयार करतो, ते काही जातींच्या अळ्यांना मारतं. त्या प्रथिनाचं जनुक कापसात बसवलं. मग कापसाचं झाडच ते प्रथिन तयार करू लागलं आणि पान, बोंड खाणारी अळी मरू लागली.

संकरित म्हणजे हायब्रीड ही वेगळी गोष्ट आहे. एकाच पिकाचे दोन वाण घ्यायचे, एकाचं पराग दुसऱ्यावर टाकायचं आणि त्याचं बी धरायचं. यात बाहेरचं जनुक येत नाही. हायब्रीड ज्वारी, हायब्रीड बाजरी, हायब्रीड टोमॅटो आपण कितीतरी वर्षांपासून खातो. ते जीएम नाहीत. देशी वाणाची चव हायब्रीडला नाही ही तक्रार खरी असू शकते, पण त्याचं कारण जीएम नाही.

तिसरा प्रकार आता ऐकू येतो, जनुक संपादन म्हणजे जीनोम एडिटिंग. यात त्याच पिकातलं जनुक थोडं छाटून किंवा बदलून घेतात. मे 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताचे असे दोन वाण जाहीर केले, डीआरआर धान 100 (कमला) आणि पुसा डीएसटी राईस 1. ज्या संपादित वाणात बाहेरचं जनुक उरत नाही, त्यांना केंद्र सरकारनं मार्च 2022 मध्ये जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. या सुटीवरही वाद आहे. पण बातमीत "जीनोम एडिटेड तांदूळ" वाचलं तर तो आणि जीएम एकच समजू नये.

या सगळ्याची सुरुवात जालन्यातूनच

देशात जीएमची चर्चा झाली की जालन्याचं नाव येतंच. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. बियाणं क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचं तंत्र घेऊन महिकोनं बीटी कापसाचे वाण तयार केले आणि मार्च 2002 मध्ये केंद्र सरकारनं त्यांच्या लागवडीला परवानगी दिली. पुढं 2006 मध्ये दोन जनुकांचा बोलगार्ड-2 आला. आज देशातल्या 90 टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्रावर बीटी वाण आहेत.

सुरुवातीला हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हे जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. पण गुलाबी बोंडअळी हळूहळू या प्रथिनाला सरावली. 2017 च्या हंगामात तिनं मराठवाडा-विदर्भात कापसाची काय दशा केली ते कुणाला सांगायला नको. म्हणजे एकदा जीएम आणलं की प्रश्न कायमचा मिटला, असं होत नाही.

खाण्याच्या पिकातलं पहिलं मोठं प्रकरणही जालन्याचंच, बीटी वांग्याचं. वांग्याचे शेंडे आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी महिकोनं बीटी वांगं तयार केलं. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि कोईमतूरचं तामिळनाडू कृषी विद्यापीठही या कामात होतं. 14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्राच्या जीईएसी या समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला. मग वाद पेटला. त्या वेळचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, ग्राहक सगळे बोलले. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. शास्त्रज्ञांत एकमत नाही, अनेक राज्य सरकारांचा विरोध आहे, वांग्याच्या कितीतरी जाती मूळच्या आपल्या देशातल्या आहेत आणि आणखी स्वतंत्र तपासण्या हव्यात, अशी कारणं त्यांनी दिली.

ती स्थगिती उठलेली नाही. शेजारच्या बांगलादेशानं मात्र 2013 मध्ये त्याच तंत्राच्या वांग्याला परवानगी दिली आणि 2014 च्या सुरुवातीला 20 शेतकऱ्यांना पहिली रोपं दिली. तिथं ते आज बाजारात आहे. आपल्याकडं 2019 मध्ये हरियाणात फतेहाबाद जिल्ह्यात बेकायदा बीटी वांग्याचं पीक सापडलं आणि ते नष्ट करण्यात आलं. म्हणून भरताचं वांगं बीटीचं आहे असं म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवावं : बीटी वांग्याचं बी कायद्यानं कोणत्याही दुकानात मिळत नाही.

बाजारातल्या या गोष्टी जीएम नाहीत

टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, भेंडी, कोबी : वाण हायब्रीड असतात, जीएम नसतात. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात येणारी मिरचीही हायब्रीडच आहे.

पपई : तैवान 786 हा वाण सगळीकडं लावतात. तो हायब्रीड आहे. जीएम पपई अमेरिकेच्या हवाई बेटांवर 1998 पासून आहे, आपल्याकडं नाही.

कलिंगड : बिनबियांचं कलिंगड गुणसूत्रांची संख्या वेगळी असलेले दोन वाण संकरित करून मिळतं. बाहेरचं जनुक त्यात नाही.

मका आणि स्वीट कॉर्न : अमेरिका, ब्राझीलमध्ये बहुतेक मका जीएम आहे. भारतात जीएम मक्याला लागवडीची परवानगी नाही.

आपलं सोयाबीन : राजूर भागात पेरलं जाणारं जेएस 335, फुले संगम किंवा परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस वाण, यातलं एकही जीएम नाही.

तूर, हरभरा, गहू, ज्वारी, बाजरी, ऊस, मोसंबी : एकही जीएम नाही.

शेंगदाणा, साबुदाणा, भगर : चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनाला येणारे भाविक उपवासाला जे खातात, त्यातलं काहीही जीएम नाही.

ब्रॉयलर कोंबडी, जर्सी गाय : निवड आणि संकर करून तयार झालेल्या जाती आहेत. जीएम नाहीत. कोंबडीच्या खाद्यात काय असतं, हा वेगळा मुद्दा आहे. तो पुढं येतो.

रेशनचा तांदूळ : यावर मोबाइलवर फार अफवा फिरतात. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात. ते प्लास्टिकचेही नाहीत आणि जीएमही नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून हे दाणे बनवतात आणि साधारण 100 दाण्यांत एक याप्रमाणं मिसळतात. निवडून फेकू नयेत.

आणखी एक मेसेज फिरतो की, फळावरच्या स्टिकरचा नंबर पाच आकडी असेल आणि 8 नं सुरू होत असेल तर ते फळ जीएम. असा आकडा कधीकाळी जीएमसाठी राखून ठेवला होता, पण बाजारात तो त्या कामासाठी वापरात आलाच नाही. त्यामुळं स्टिकर बघून जीएम ओळखता येत नाही.

मग जीएम येतं कुठून?

*पहिली वाट, सरकीचं तेल.* एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की साधारण 33 ते 35 किलो रुई निघते आणि 60 किलोहून जास्त सरकी. रुईचा कपडा होतो. सरकी घाण्याला जाते, तिचं तेल निघतं आणि उरते ती ढेप. कापूस बीटीचा म्हणजे सरकीही बीटीची. हे तेल रिफाइन करून फरसाण, चिवडा, भजी, वनस्पती तूप यात वापरलं जातं. दोन तेलांच्या मिश्रणातही येतं. ज्या घरात सरकीचं तेल कधी विकत आणलं नाही, त्या घरातही ते फरसाणाच्या पुड्यातून येऊ शकतं.

*दुसरी वाट, आयात तेल.* देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यात पामतेल सगळ्यात जास्त. पाम आणि सूर्यफूल ही जीएम पिकं नाहीत. पण सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येतं आणि तिथलं 90 टक्क्यांहून जास्त सोयाबीन जीएम आहे. ते तणनाशक सहन करणारं आहे. शेतात तणनाशक फवारलं की तण मरतं, सोयाबीन उभं राहतं. कॅनडातून येणारं कॅनोला तेलही बहुतेक जीएम पिकाचंच असतं. कच्चं तेल जहाजानं येतं, इथं रिफाइन होतं आणि पाकिटावर इथल्याच कारखान्याचा पत्ता येतो. त्यामुळं पाकिटातलं सोयाबीन तेल लातूरच्या सोयाबीनचं की अर्जेंटिनाच्या, ते ग्राहकाला कळत नाही.

*तिसरी वाट, पाकीटबंद परदेशी माल.* दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं जुलै 2018 मध्ये बाजारातले 65 खाद्य नमुने तपासून घेतले. त्यातल्या 32 टक्के नमुन्यांत जीएमचे अंश सापडले. त्यातले बहुतेक बाहेरून आलेले होते आणि देशातले होते ते सरकीच्या तेलाचे. बऱ्याच पाकिटांवर जीएमचा उल्लेख नव्हता. काहींवर तर उलट "जीएम नाही" असं छापलेलं होतं.

*चौथी वाट, पशुखाद्य.* सरकीची ढेप गोठ्यात रोज जाते. कोंबडीच्या खाद्यातही एकदा बाहेरचा जीएम माल आला. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीनचे भाव क्विंटलला 10 हजारांच्या घरात गेले होते, तेव्हा कुक्कुटपालकांच्या मागणीवरून केंद्र सरकारनं 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. त्या वेळी सोयाबीन उत्पादकांनी याला विरोध केला होता.

खाल्लं तर अपाय होतो का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. याला दोन बाजू आहेत आणि दोन्ही नीट ऐकाव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की, आज आंतरराष्ट्रीय बाजारात असलेले जीएम पदार्थ तपासणीतून गेलेले आहेत आणि त्यांच्यापासून आरोग्याला धोका होण्याची शक्यता नाही. पण सगळे जीएम एका मापानं मोजू नयेत, प्रत्येकाची वेगळी तपासणी व्हावी, असंही ती संघटना म्हणते. बीटी प्रथिन अळीच्या पोटात काम करतं कारण तिच्या आतड्यात क्षार असतात आणि त्या प्रथिनाला चिकटायला खास जागा असते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि ती जागा नसते. रिफाइन केलेल्या तेलात तर प्रथिन आणि जनुकाचा भाग जवळपास राहतच नाही. त्यामुळं अशा तेलात जीएम आहे की नाही हे तपासणीतही पकडणं अवघड जातं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की, बऱ्याच चाचण्या कंपन्यांच्याच असतात, पिढ्यान्‌पिढ्या खाऊन काय होतं याच्या स्वतंत्र तपासण्या कमी आहेत. तणनाशक सहन करणाऱ्या पिकांवर तणनाशक जास्त मारलं जातं, हा दुसरा आक्षेप. त्यात ग्लायफोसेट मुख्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये ग्लायफोसेटला "कर्करोग होण्याची शक्यता" या गटात टाकलं. अमेरिका आणि युरोपच्या सरकारी यंत्रणांनी मात्र वेगळं मत दिलं आहे.

परवानगी आणि पाकीट यांचा संबंध किती महत्त्वाचा, ते अमेरिकेतल्या एका प्रकरणात दिसलं. स्टारलिंक नावाच्या बीटी मक्याला तिथं फक्त जनावरांच्या खाद्यासाठी परवानगी होती, कारण माणसाला त्याची ॲलर्जी होईल का हे नक्की झालं नव्हतं. 2000 साली तोच मका माणसांच्या खाण्यात सापडला आणि कंपन्यांना दुकानातला माल परत घ्यावा लागला. माल कुठून आला, कुठं गेला याची नोंद नसेल तर चूक सुधारणंही अवघड होऊन बसतं.

ढेप आणि दुधाचं काय?

बीटी सरकी खाणाऱ्या गाईंवर कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत अभ्यास झाला आहे. दुधात बीटी प्रथिन आढळलं नाही. जनावरानं जीएम चारा खाल्ला म्हणून दूध जीएम होत नाही.

2006 मध्ये त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या वरंगळ भागात बीटी कापसाच्या शेतात चरलेल्या मेंढ्या मेल्याच्या तक्रारी आल्या होत्या. बीटीमुळं मेल्या असं सरकारी तपासणीनं मान्य केलं नाही. फवारलेलं औषध किंवा चाऱ्यातलं नायट्रेट यांची शक्यता सांगितली गेली. कारण काही असो, पशुपालकासाठी धडा एकच आहे : औषध फवारलेल्या कापसाच्या रानात शेळ्या-मेंढ्या सोडू नयेत.

आणि एक गोष्ट बीटीशी संबंध नसलेली, पण कामाची. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष नैसर्गिकच असतं. देशी कापसाच्या सरकीतही ते होतं. म्हणून सरकीचं कच्चं, न शुद्ध केलेलं तेल खाऊ नये. लहान वासराला सरकी किंवा तिची ढेप घालण्याआधी पशुवैद्यकाला विचारावं.

कायदा काय म्हणतो?

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यातलं कलम 22 सांगतं की, जीएम अन्न नियमानुसार परवानगी असल्याशिवाय बनवता, विकता किंवा आयात करता येत नाही. वजनमापाच्या नियमात दुरुस्ती झाली आणि 1 जानेवारी 2013 पासून जीएम अन्नाच्या पाकिटावर दर्शनी भागात वरच्या बाजूला इंग्रजीत जी आणि एम ही दोन अक्षरं छापणं बंधनकारक झालं.

ऑगस्ट 2020 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) आदेश काढला. सफरचंद, मका, पपई, बटाटा, सोयाबीन, तांदूळ, गहू अशा 24 पिकांचा माल बाहेरून आणायचा असेल तर तो जीएम नाही असं त्या देशाचं प्रमाणपत्र लागेल. चुकून मिसळण्याची मर्यादा 1 टक्का ठेवली. मार्च 2021 पासून तो लागू झाला. पण हा आदेश धान्य-फळांच्या मालाबद्दल आहे, तेलाच्या पाकिटाबद्दल नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये प्राधिकरणानं जीएम अन्नाच्या नियमांचा मसुदा जाहीर केला. 1 टक्का किंवा जास्त जीएम घटक असेल तर पाकिटावर तसं लिहावं, असं त्यात होतं.

ग्राहकाच्या बाजूनं सगळ्यात महत्त्वाचा दिवस 23 जुलै 2024 चा. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या डीएमएच-11 या जीएम मोहरीला ऑक्टोबर 2022 मध्ये पुढची परवानगी मिळाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती संजय करोल यांचं मोहरीबद्दल एकमत झालं नाही. पण दोन गोष्टींवर दोघांचंही एकमत झालं. एक, केंद्र सरकारनं सगळ्यांशी बोलून जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण करावं. दुसरी, आयात होणाऱ्या जीएम अन्नाला, खास करून जीएम खाद्यतेलाला, पाकीट आणि लेबलबद्दलचं कलम 23 पाळावंच लागेल. म्हणजे तेलाच्या पाकिटावर खरी माहिती हवी ही मागणी आता फक्त कार्यकर्त्यांची राहिलेली नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंच ते सांगितलं आहे.

ग्राहकानं काय करावं?

1. तेल घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची घटकांची यादी वाचा. सूर्यफुलाचं चित्र मोठं असतं आणि आत दोन तेलांचं मिश्रण असतं. "कॉटनसीड" म्हणजे सरकी. "ब्लेंडेड" लिहिलं असेल तर कोणती दोन तेलं, किती टक्के, हेही लिहिलेलं असतं. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा.

2. जीएम टाळायचं असेल तर शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, मोहरी ही तेलं निवडा. आपल्याकडं यातलं एकही पीक जीएम नाही. गावात लाकडी घाणा असेल तर आपला शेंगदाणा, आपली करडई नेऊन डोळ्यांसमोर तेल काढून घेता येतं. पैसे जास्त जातात हे खरं, पण आत काय आहे ते माहीत असतं.

3. सुटं तेल घेऊ नका. 2011 च्या नियमानुसार खाद्यतेल पॅकबंद आणि लेबल लावूनच विकायचं असतं, राज्यानं सूट दिली असेल तेवढाच अपवाद. सुट्या तेलात काय मिसळलं ते विचारायलाही जागा राहत नाही. जीएमपेक्षा भेसळीचा धोका तिथं मोठा आहे.

4. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि कारखान्याचा पत्ता आहे का ते बघा. बिल मागून घ्या. बिल नसेल तर तक्रार टिकत नाही.

5. फरसाण, भजी घेताना तेल कोणतं वापरता ते विचारा. विचारणं हा ग्राहकाचा हक्क आहे, भांडण नाही.

6. शंका असेल तर तक्रार करा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800-222-365 आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915. पाकिटाचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि बिल जपून ठेवा.

शेतकऱ्यासाठी दोन शब्द

या भागातला ग्राहक हा शेतकरीही आहे. मे-जून आला की तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचं बियाणं, म्हणजे एचटीबीटी, गुपचूप विकलं जातं. या कापसाच्या परवानगीसाठीचा अर्ज महिकोनं 2016 मध्येच मागं घेतला होता. त्यामुळं त्याला आजही लागवडीची परवानगी नाही. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर इथं शेतकरी संघटनेनं जाहीरपणे ते पेरून आंदोलन केलं. तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. खुरपणीची मजुरी बघता ती भावना समजण्यासारखी आहे. पण बिलाशिवाय घेतलेलं बियाणं उगवलं नाही तर भरपाई कुणाकडं मागणार? आणि त्या सरकीचं तेल माणसांच्या खाण्यात जातं, तिची तपासणी पूर्ण झालेली नाही, हा मुद्दा ग्राहक म्हणून विसरता येत नाही.

दुसरं, आपलं सोयाबीन जीएम नाही ही आपली जमेची बाजू आहे. जगात जीएम नसलेल्या सोयाबीनला आणि सोयापेंडीला मागणारा वेगळा ग्राहक आहे. बाहेरचं जीएम तेल लेबलशिवाय आपल्या तेलाच्या शेजारी त्याच भावात बसतं, तेव्हा ही जमेची बाजू वाया जाते. लेबलचा प्रश्न हा जेवढा ताटाचा आहे, तेवढाच भावाचाही आहे.

जीएम खायचं की नाही हे प्रत्येकानं आपल्या घरात ठरवावं. त्यासाठी वांग्याला आणि पपईला नावं ठेवून उपयोग नाही. पुढच्या वेळी किराणा भरताना तेलाचं पाकीट उलटं करून मागची बाजू वाचावी आणि तिथं माहिती नसेल तर दुकानदाराला विचारावं. चार गिऱ्हाईकांनी विचारलं की दुकानदार एजंटला विचारतो आणि एजंट कंपनीला. न्यायालयानं सांगितलेलं लेबल पाकिटावर यायचं असेल, तर ते मागणारा ग्राहक राजूरसारख्या गावातही हवा.